थोरले फिरायला निघालेत

११ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. नेल्वीनं ऑफिसातली कोरी डायरी दिलीये, वाया घालवायची नाही. तिसरीपर्यंत शिकले आहे. अक्षर अजून वळणदार आहे, वाचायला कुणी नाही एवढंच.

नेल्वी म्हणजे नात, लेकीची लेक. पादांग शहरात नोकरी करते. आज मोटरसायकलवरून आली, लॅपटॉप पोटाशी धरून, ओल्या बाळंतिणीसारखी. तिच्या ऑफिसनं फोनमध्ये घालायचं एक ॲप केलंय. ते जंगलातून गावाकडे आले की ज्याला दिसले त्यानं बटन दाबायचं, मग गावातले सगळे फोन एकदम बोलतात. ॲपला दोन भाषा येतात, इंग्रजी आणि सरकारी. आमच्या डोंगरातली बोली येत नाही. ती शिकवायला माणूस हवं. गावात माझ्यासारखी जीभ कुणाची नाही, असं नेल्वीच म्हणाली. जरा वेगळ्या शब्दांत म्हणाली, पण अर्थ तोच.

ते म्हणजे कोण, ते मी लिहिणार नाही. अंगावर पट्टे, तोंडाला मिशा, डोंगर त्यांच्या मालकीचा. आम्ही थोरले म्हणतो. लॅपटॉपवर टायगर लिहिलंय. इंग्रजी त्यांना कळत नाही, तेवढं लिहिलेलं चालतं.

ड्युरियन पडायला लागायच्या आत काम पुरं करायचंय. फळ पहाटे पडतं. बायका टोपल्या घेऊन पहाटे जंगलाच्या कडेला जातात आणि ती वेळ थोरल्यांचीही असते. गेल्या हंगामात वरच्या वाडीतली एक बाई गेली. टोपली तेवढी सापडली.

आठवड्यात उरकते म्हणाले. वाक्यंच तर आहेत.

१२ नोव्हेंबर

पहिलंच वाक्य: टायगर दिसला. म्हटलं, दिसला? ते काय बकरी आहेत? लिही, थोरले फिरायला निघालेत, वाट द्यावी. नेल्वी म्हणाली, अंदुंग, बटन एवढंसं आहे, एवढं मावणार नाही. म्हटलं, मग बटन मोठं कर, थोरले लहान व्हायचे नाहीत.

सगळ्याच नाती आजीला अंदुंग म्हणतात. ही म्हणते तेव्हा पुढे काहीतरी मागणं असतं.

पुढचं वाक्य: टायगरनं गुरं मारली. हे केलं, थोरल्यांनी पाहुणचार घेतला. नेल्वीचा साहेब तेगार जावाचा आहे, फोनवर नुसता गूळ, मला इबू म्हणजे आई म्हणतो. इबू, हे ऐकून लोक पळतील ना, म्हणाला. सांगितलं, आमच्यात पळत नाहीत, मान खाली घालून मागे मागे सरकतात. पळतात ते जावाचे. त्यानं पुढचं वाक्य काढलं. पटलं असणार.

आज तीनच वाक्यं झाली. उद्या वीस.

१४ नोव्हेंबर

काल डोकं दुखत होतं.

म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, म्हणून आवाजही भरायचा. स्वयंपाकघराला गोधड्या टांगून नेल्वीनं माझ्या तोंडापुढे फोन धरला. बोलले. मग तिनं मलाच ऐकवलं.

तो माझा आवाज नव्हता. माझ्या आईचा होता. मला कामाला लावून स्वतः पायरीवर सुपारी कातरत बसायची आणि तिथून हाक मारायची, तो. ती जाऊन किती पावसाळे झाले.

नेल्वी म्हणाली, सगळ्यांनाच आपला आवाज परका वाटतो. असेल. पण माझा एवढा खरखरीत नाही. फोन जुना असणार.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आजच्या वाक्यात भोक होतं. थोरले अमक्याच्या घरापाशी आहेत. अमक्याच्या जागी ज्याचं घर त्याचं नाव आपोआप बसतं. मी एकेक घर नाव घेऊन भरायचं.

नेल्वी शहरात वाढली, तिला आपलं आपणच सांगावं लागतं. थोरले उगाच गावात येत नाहीत. कुणी खोटं बोललं, कुणी नको त्या अंथरुणात गेलं, कुणी दुसऱ्याचं गिळलं आणि गावानं झाकून ठेवलं, तर ते येतात आणि त्याच्याच दाराशी उभे राहतात. तेव्हा हे वाक्य म्हणजे इशारा नव्हे, निकाल. पोरगी पांढरी पडली. अंदुंग, मग बटन दाबेल कोण? म्हटलं, दाबतील की, दुसऱ्याच्या घराचं.

सगळी घरं भरली. शेजारच्या नुरकायाचं नाव पुन्हा पुन्हा भरलं, हवं तसं वजन येईपर्यंत. शेवटचं फार छान आलंय.

आणि आपलं घर? नेल्वीनं विचारलं. म्हटलं, इकडे कशाला येतील? राहू दे रिकामं.

१८ नोव्हेंबर

नुरकायाबद्दल लिहून ठेवते, नंतर कुणी वेडंवाकडं बोलायला नको. तिची आई आणि माझी आई चुलत बहिणी. दोघींची परसं एकमेकींना लागून, मधे हद्दीला तांबड्या पानांची झाडं. दरड आली त्या वर्षी माती सरकली. मातीबरोबर झाडंही सरकली, तिच्या बाजूला. मी फक्त ती सरळ उभी केली, जिथे सरकली तिथेच. तिचा दालचिनीचा एक पट्टा माझ्याकडे आला, त्याला मी काय करणार? माती कुणाचं ऐकते का?

नुरकाया तेव्हापासून काही बोलली नाही. मनात असतं तर बोलली असती.

वाक्यं अजून बरीच आहेत. तेगारला फार घाई.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

टेस्ट. दिवेलागणीला नेल्वी पुलापाशी गेली आणि तिथून तिनं बटन दाबलं. चुलीपाशी ठेवलेला फोन माझ्या, म्हणजे आईच्या आवाजात बोलला: थोरले फिरायला निघालेत, वाट द्यावी. उत्तम.

मग तिनं माझं घर दाबलं. तिथे भोक. भोकातून शहरातली बाई बोलली, सरकारी भाषेत, बातम्या देतात तशी गोड. त्यांचं नाव सरळ घेतलं, तेही दोनदा. सरकारी भाषा त्यांना कळते, जंगलखात्याची माणसं तीच बोलतात. माझ्या स्वयंपाकघरात, खिडकी उघडी असताना. बाहेरचे रातकिडे गप्प झाले.

फोन तांदळाच्या डब्यात पुरला. भ्यायले म्हणून नाही. दमट हवेत फोन तांदळातच ठेवतात.

नेल्वी म्हणते, जिथे तुझा आवाज नाही तिथे ॲप आपोआप सरकारी भाषेवर जातं, रिकामं राहण्यापेक्षा ते बरं. म्हटलं, रिकामं कधीही बरं. मग तुझं घर भरून टाक, म्हणाली. उद्या भरणार आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज ॲप गावाला दिलं. दातुकनं भाषण केलं. दातुक म्हणजे कुळाचा प्रमुख, म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याचं नाक मी पुसलेलं आहे, त्यामुळे भाषणात ऐकण्यासारखं काही नव्हतं. टपरीतल्या पुरुषांनी माझा आवाज ऐकला आणि एक म्हणाला, घरी बायको, खिशात सानियार, आता माणसानं जायचं कुठे? सानियार म्हणजे मी. सगळे हसले. मी ओरडून सांगितलं, थोरल्यांकडे जा.

ॲपच्या शेवटच्या पानावर माझं नाव घालणार आहेत. भाषातज्ज्ञ म्हणून. माझं घर तेवढं भरायचं राहिलंय, पण त्याची घाई नाही.

२८ नोव्हेंबर

बटन फार चाललं. आधी थोरले गिरणीवाल्या मार्जोहानच्या घरापाशी. मग बायको सोडलेल्या कारकुनाच्या. मग सबंध दुपार दातुकच्या घरापाशी, दाबणारा दर वेळी वेगळा. जंगलखात्याची माणसं बेशुद्धीची बंदूक घेऊन धावत आली, तर तिथे दातुकची बायको वाळत घातलेले कपडे काढत होती. दिसलं कुणालाच काही नव्हतं.

नेल्वी रडली. तेगार फोनवर म्हणाला, लोक गैरवापर करतायत. म्हटलं, गैरवापर कसला? इतकी वर्षं कानात सांगत होते ते आता बटनावर सांगतात.

मार्जोहानची बायको रस्त्यात आडवी आली. माझ्या नवऱ्याचं नाव घ्यायला जीभ झडली नाही तुझी? म्हटलं, मी नाही घेतलं, माझ्या आवाजानं घेतलं. माझा आवाज दिवसभर कुठे कुठे जातो, मला काय माहीत?

हे मी तोऱ्यात म्हणाले. पण घरी येताना बंद दारांमागून तो ऐकू येत होता. एका घरात मी बोलत होते, पुढच्या घरातही मीच. माझ्या घराच्या पायरीशी आले तेव्हा आत कुणी नव्हतं, हे मी नीट पाहून घेतलं.

२९ नोव्हेंबर

नेल्वीनं नियम बदलला. आता ज्यानं त्यानं फक्त आपल्या घराचं बटन दाबायचं. दुसऱ्याचं दाबताच येत नाही.

गाव शांत. एक बटन नाही. एवढं सज्जन गाव जगात नसेल.

नेल्वी परत पादांगला गेली. जाताना म्हणाली, अंदुंग, आता कुणीच नाही दाबलं तर माणूस जाईल. तुझं घर सगळ्यात कडेला आहे, पहिली खबर तुझ्याकडूनच येईल. म्हटलं, काही दिसलं तर दाबेन. दिसायला मात्र हवं.

१ डिसेंबर, रविवार

स्वयंपाकघरामागच्या चिखलात ठसे. मोठं कुत्रं असणार. एका ठशात तळहात ठेवून पाहिला, बाजूला जागा उरली. माझा हात लहानच आहे, पहिल्यापासून.

नवऱ्याच्या वेळचा डुकराच्या शिकारीचा कुत्रा, काळ्या, घराखाली बांधलेला असतो. रानडुकरावर एकटा जायचा. आज भुंकला नाही. बसल्या जागी ओलं केलं. वय झालं त्याचं.

ठसे खराट्यानं झाडून टाकले. अंगण नको का स्वच्छ?

२ डिसेंबर

काळ्या नाही. दोर आहे. गेला असेल कुठे, कुत्री जातात. दोर जुनाच होता.

दिवेलागणीला मागच्या दाराशी उभी राहून अदबीनं सांगितलं, थोरल्यांनो, घर चुकलात, तुमचं काम शेजारी. तांबड्या झाडांच्या पलीकडे. झाडांची जागा बघू नका, ती दरडीमुळे.

कुणी उत्तर दिलं नाही. कुणी गेलंही नाही. हे कसं कळलं ते लिहिता येत नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

ड्युरियन पडायला लागले. फजरच्या नमाजाआधीपासून धप धप ऐकू येतंय.

नुरकाया टोपली घेऊन निघाली. तिची वाट माझ्या परसाच्या कडेनं, मग बांबूतून वर. खिडकीतून म्हटलं, नुरकाया, आज जाऊ नको. का गं? थंडी आहे. ती हसली. सानियार, परवा तर माझ्या कोंबड्या तुझ्या मिरच्यांत शिरल्या म्हणून त्यांच्या आयांचा उद्धार करत होतीस, आज मला थंडी वाजू नये म्हणतेस? ताप आलाय का? म्हटलं, मरायचं तर मर. गेली. आली परत, टोपली भरून.

बघ. उगाच.

तरी पण घर भरून टाकावं म्हणते. उद्या. आज घसा बसलाय.

५ डिसेंबर, गुरुवार

अक्षर वेडंवाकडं येईल. पेन खराब आहे.

पहाटे उठले ते वासानं. केवड्याचं पान घालून शिजवलेल्या भाताचा वास. चूल पेटलेली नव्हती. आई सांगायची, थोरले आपली हद्द आखतात तेव्हा असा वास येतो. ठसठशीत, गोड, भूक लागेल असा. खिडकीच्या फटीतून बघितलं. परसात अंधारापेक्षा काळं असं काही नव्हतं. पण नुरकायाचा टॉर्च बांबूकडे चालला होता.

हाक मारली. तिनं न वळता हात हलवला, तुझी थंडी तुलाच ठेव म्हणून.

तांदळातून फोन काढला. माझ्या घराच्या बटनावर बोट नेलं आणि आठवलं, इथे भोक आहे, शहरातली बाई बोलेल. ती बाई बोलली की नुरकाया फोन बंद करते, जाहिरात समजून. सगळेच करतात. तिला ऐकू यायचं तर मलाच बोलायला हवं होतं. माझ्याच तोंडानं, माझ्याच घराचं नाव. आणि ते सगळ्या गावात जाणार.

टॉर्च बांबूत शिरला.

फोन तोंडापुढे धरला. मग बोलले. थोरले सानियारच्या घरापाशी आहेत. वाट द्यावी. फोननं मीच दिलेल्या शब्दांत विचारलं, झालं का बाई? झालं. दाबलं.

बांबूतून माझा आवाज आला, नुरकायाच्या कमरेपासून. मग खालच्या घरातून, मग त्याच्या खालच्या. मशिदीत बांग देणारा बांगीसाब फोन माईकपाशी ठेवतो, तेव्हा भोंग्यातूनही मीच. सानियारच्या घरापाशी. सानियारच्या घरापाशी. डोंगरावर आपटून परत येत होतं. आईनं हाक मारावी तसं.

नुरकाया मागे मागे सरकत आली, मान खाली घालून, शास्त्राप्रमाणे. टोपली वरच राहिली. माझ्या चुलीपाशी बसली. म्हणाली, तुझा आवाज आला म्हणून थांबले. पुढे बांबू हलला. मग तिकडूनही काही हलेना, माझ्याकडूनही. नंतर तिकडचं काही उठून गेलं.

तिला पाणी दिलं. तिनं काही विचारलं नाही. ही बाई गप्प बसायला कधी शिकली?

६ डिसेंबर

गाव येऊन गेलं. कुणी केळी आणली, कुणी भात आणला. सगळ्यांनी परसात नजर टाकली, झाडांकडे पाहिलं आणि हवेबद्दल बोलले. मार्जोहानची बायकोसुद्धा. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दातुक मागे राहिला. ऊनी, म्हणाला, थोरली बहीण म्हणून विचारतो, काही सांगायचंय का? म्हटलं, हो, तुझी विजार सैल झालीये, नीट बांध.

९ डिसेंबर, सोमवार

तांबडी झाडं हलवली, दरडीच्या आधी होती तिकडे. तिथे त्यांना ऊन बरं मिळतं. दुसरं काही नाही.

नुरकाया पायरीवर बसून बघत होती. शेवटी उठून आली. म्हणाली, अजून वीतभर तुझ्या बाजूला घे सानियार, ऊन तिकडे जास्त आहे. घेतलं. मग तिनंच माती दाबली.

आता झालं. आता त्यांचं इथे काम नाही.

१२ डिसेंबर

जंगलखात्याचा माणूस नेल्वीला घेऊन आला. झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. फोटोत डुकरंच डुकरं. म्हणाला, आजी, तुम्ही परसामागे कसाव्याच्या सालींचा नि ड्युरियनच्या टरफलांचा ढीग घातलाय, त्याला डुकरं येतात आणि डुकरांमागे तो. त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही.

देणंघेणं नाही? मी गावभर स्वतःचं नाव घेतलं. झाडं हलवली, उन्हासाठी का होईना. आणि ते डुकरांसाठी आले होते? म्हटलं, तुम्हाला शाळेत काही शिकवलेलं दिसत नाही. नेल्वीनं माझा हात दाबला. ढीग काढून जाळला. नुरकायानं पाला आणून दिला.

नेल्वी खूश. म्हणते, आता डुकरं नाहीत, आता ते येणार नाहीत. मीही तेच म्हणते. कुणाचंही कारण धरा, खात्याचं किंवा आमचं, आता एकही उरलेलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

ठसे. ताजे. ढीग नाही, डुकरं नाहीत, झाडं जागेवर. ठसे माझ्या पायरीपर्यंत आले, थांबले, मग नुरकायाच्या पायरीपर्यंत गेले, तिथे थांबले. मग गावात उतरले. दर घराशी थोडं थोडं थांबलेले दिसतात. मी आणि नुरकाया दोघींनी जाऊन पाहिलं. कुठेही काही नेलेलं नाही.

आज प्रत्येकानं आपापलं बटन दाबलं. दिवसभर माझाच आवाज, एकामागून एक सगळ्यांची नावं घेत. नुरकायाचं आलं तेव्हा मी खोकले. फार वजन दिलं होतं त्याला.

तेगारचा फोन आला. इबू, फार छान काम झालं, आता शेवटचं एकच वाक्य राहिलंय. संध्याकाळी जंगलखातं फेरी मारून कळवतं, तेव्हा फोनवर द्यायचं. धोका टळला, एवढंच.

म्हटलं, एवढंच ना, आत्ता देते. बसले. सुचेना. नुरकायाला विचारलं, ती म्हणाली, ते गेले असं म्हटलं तर ते ऐकून मागे वळतात. दातुकला विचारलं. त्यानं पुष्कळ विचार केला, पहिल्यांदाच. म्हणाला, ऊनी, आपल्यात असं म्हणत नाहीत गं. कधी कुणी म्हटलेलं ऐकलंय का तू? नाही ऐकलं. आईच्या तोंडूनही नाही.

ते रिकामं ठेवलंय. बाकी काम पूर्ण झालं, ठरल्या वेळेपेक्षा थोडं उशिरा.

मगरीबच्या नमाजानंतर सगळ्या गावातून शहरातली बाई बोलली. गोड आवाजात, त्यांचं नाव घेऊन, धोका टळला म्हणाली. कुणी दार उघडलं नाही. मीही नाही. माझी कडी जरा घट्ट बसलीये.